लिटरभर पाणी आणि देवगिरीचा माथा

मे महिना, दुपारचे तीन. छत्रपती संभाजीनगरात पारा बेचाळिशीला टेकलाय. खिडकीतल्या कूलरचं गवत टपटप ठिबकतंय. कूलरच्या झोतात ओला हात धरा. गारेगार! हा गारवा आज मोजूनच बघू.

1 लिटर पाणी वाफ होऊन उडतं, तेव्हा सुमारे 24 लाख जूल उष्णता सोबत नेतं. तेवढ्या ऊर्जेत 12 क्विंटल बाजरी देवगिरी किल्ल्याच्या पायथ्यावरून माथ्यावर चढेल! सुमारे 200 मीटरची उभी चढण, 12 पोती, आणि सगळं बळ एका तांब्यातलं.

आता तोच तांब्या फवाऱ्याने फोडा. थेंब इतके बारीक, की मिलिमीटरभर जागेत 50 ओळीने बसावेत. किती होतील? जवळपास 24,000 कोटी! एकाला एक लावा: मुंबई-पुणे 15 वेळा जाऊन-येऊनही थेंब उरतात. त्या सगळ्यांचं अंग पसरा: 3 गुंठे! वाफ उठते ती अंगावरूनच, म्हणून मला हा आकडा सगळ्यांत लाडका.

कूलर राहू द्या, सेकंदाला 600 मीटर धावणारी हवा घ्या. मुंबई-पुणे चार मिनिटांत! असा झोत पत्र्यावर अडला की ना चूल, ना जाळ, तरी हवा सुमारे 180 अंशांनी तापते. कॉन्कॉर्ड विमानाचं नाक गोठवणाऱ्या आभाळातही 127 अंशांपर्यंत तापायचं, ते असंच. त्या झोतात थेंब सोडा. किलोभर हवेत 1 ग्रॅम पाणी उडालं, की जवळपास अडीच अंश उतरले. 100 अंश उतरवायला 40 ग्रॅम पुरे, म्हणजे अर्धी कटिंग! वेळ मात्र केवढा? मीटरभर पत्रा ओलांडायला सेकंदाचा सहाशेवा भाग. सगळे थेंब तेवढ्यात उडत नाहीत. पण जे पत्र्यालाच चिकटतात, ते त्याच्याच अंगची उष्णता ओढून वाफ होतात.

आणि आता हाच हिशोब मोठा करायला पैठणला चला. नाथसागर जलाशयाचं 200 चौरस किलोमीटर पाणी उन्हात उघडं धरा, दिवसाला 1 सेंटिमीटर उडालं धरा. झाले 200 कोटी लिटर! 6 मीटर रुंद, 10 मीटर पाण्याच्या 7,000 विहिरी, एका दिवसात कोरड्या. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला धावलेली 50 वाघिणींची 'जलदूत' आठवा, एका फेरीला 25 लाख लिटर. तशा 800 गाड्या, रोज, आभाळात! आणि एवढ्या पाण्याची वाफ करायला लागणारी उष्णता? 1,960 मेगावॅटची कोयना, अशा 28 कोयना, रात्रंदिवस पूर्ण ताकदीने!