नाव सुटलं, टपाल येतच राहिलं

‘डोमेनचं नूतनीकरण राहून गेलं तर वेबसाइट पुसली जाते का?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. नाही. फायली सर्व्हरवर जागच्या जागी असतात. नाहीसा होतो तो तिथवर नेणारा पत्ता. १९९९च्या नाताळात मायक्रोसॉफ्टवर हीच वेळ आली. ‘पासपोर्ट डॉट कॉम’ची फी भरायची राहिली आणि त्याच नावामार्फत लॉगिन होणारं हॉटमेल अनेकांना उघडेना. मायकल चेनी या अमेरिकन प्रोग्रॅमरने खोट शोधली आणि सरळ स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरून टाकले. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपनीची थकबाकी एका वापरकर्त्याने भरावी!

डोमेन कायमचं विकत मिळतच नाही. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचा भाडेकरार होतो. ‘डॉट कॉम’मध्ये मुदत संपल्यावर साधारण ४५ दिवसांपर्यंत नेहमीची फी भरून नाव राखता येतं, पण वेबसाइट आणि ईमेल बहुधा आधीच बंद पडतात. नंतरच्या ३० दिवसांत भलामोठा दंड भरून नाव सोडवता येतं. शेवटचे पाच दिवस मात्र कुणाचंच काही चालत नाही. मग नाव मोकळं होतं आणि टपून बसलेल्या कंपन्यांचे प्रोग्रॅम क्षणार्धात त्यावर झडप घालतात.

खरी गंमत, किंवा धास्ती, यापुढे आहे. माणसांना नाव बदलल्याचं कळतं, यंत्रांना कुणी कळवतच नाही. ‘डॉट मोबी’ नावांची मालकी सांगणारा सर्व्हर नव्या पत्त्यावर गेला आणि जुना पत्ता २०२३च्या डिसेंबरात सुटला. वॉचटॉवर या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी तो २० डॉलरला घेतला, तर थोड्याच दिवसांत १ लाख ३५ हजारांहून अधिक यंत्रं तिथे विचारणा करू लागली. त्यांत सरकारी आणि लष्करी मेल सर्व्हरही होते! वेबसाइटना सुरक्षा-प्रमाणपत्रं देणाऱ्या काही संस्थाही मालकाचा ईमेल याच पत्त्यावर विचारत होत्या. उत्तरात संशोधकांनी स्वतःचा ईमेल दिला असता, तर दुसऱ्याच्या वेबसाइटचं प्रमाणपत्र त्यांच्या हाती पडू शकलं असतं. याला ‘हॅकिंग’ म्हणायला जीभ रेटत नाही. कुलूप तोडावंच लागलं नव्हतं. पुढे ते नाव शॅडोसर्व्हर या ना-नफा संस्थेकडे सोपवलं गेलं आणि चुकून येणाऱ्या विचारणांना खरी उत्तरं देण्याची व्यवस्था झाली.