थेट कारखान्यातून संगणक

मंडळी, पेण म्हटले की डोळ्यांपुढे गणपती उभा राहतो. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे या जवळच्या गावांत वर्षभर मूर्ती घडत असतात. तेथून त्या मुंबई-पुण्याला जातात, परदेशीही जातात. आता ही मूर्ती घरी आणण्याच्या दोन तऱ्हा तुम्हाला ठाऊकच आहेत. पहिली तऱ्हा अशी की चतुर्थीच्या आधी चार दिवस बाजारातल्या मांडवात जायचे, मांडलेल्या मूर्तींतून एक पसंत करायची आणि पैसे मोजून घरी आणायची. दुसरी तऱ्हा म्हणजे दोन-तीन महिने आधीच कारखान्यात जायचे. तेथे साचा पाहायचा, उंची सांगायची, पीतांबराचा रंग सांगायचा, विसार द्यायचा आणि आपला पाट नाव घालून तिथे ठेवून यायचे.

आज ज्या खरेदीविषयी सांगायचे आहे ती या दुसऱ्या तऱ्हेची आहे. वस्तू मात्र मूर्ती नव्हे, संगणक. तो बनविणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर, म्हणजे तिच्या संकेतस्थळावर जाऊन, मधल्या दुकानावाचून थेट मागवायचा.

यात सांगण्यासारखे ते काय, असे कोणी म्हणेल. पण असे समजा की पेण तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची मुलगी इंजिनिअरिंगला लागली. किंवा रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या गृहस्थाने मुलाला लॅपटॉप घेऊन देण्याचे कबूल केले. त्या घरात ही वर्षातली सर्वांत मोठी खरेदी असते. भात विकून आलेले किंवा भिशीत साठविलेले पैसे एका बोटाच्या टिचकीसरशी जातात. ते योग्य ठिकाणी गेले तर मुलीचे चार वर्षांचे शिक्षण त्यावर निभावते. चुकीच्या ठिकाणी गेले, तर पैसेही जातात आणि शिक्षणाची घडीही विसकटते. म्हणून ही रीत नीट समजून घेऊ या.

दुरून माल मागविणे आपल्याकडे नवे नाही. आपले आजोबा मासिकातली जाहिरात पाहून व्ही. पी.ने घड्याळ मागवीत आणि पोस्टमनच्या हाती पैसे देऊन पार्सल सोडवीत. संगणकाच्या धंद्यात ही थेट विक्रीची रीत रूढ केली ती मायकेल डेल या अमेरिकन तरुणाने. टेक्सासमधल्या ऑस्टिन येथे विद्यापीठात शिकत असताना १९८४ साली त्याने आपली कंपनी काढली. गिऱ्हाईक फोनवर सांगेल तसा संगणक जोडायचा आणि थेट त्याच्याकडे पाठवायचा, असा त्याचा खाक्या होता. १९९६ साली त्याने हीच विक्री वेबसाइटवरून सुरू केली. पुढे इतरांनीही ती वाट धरली. ॲपल कंपनीने भारतासाठी आपले ऑनलाइन दुकान २०२० च्या सप्टेंबरात उघडले. मात्र २००७ साली खुद्द डेल कंपनीने अमेरिकेत दुकानांतूनही माल विकायला आरंभ केला. याचा अर्थ इतकाच की दुकानाचाही काही उपयोग असतो, हे तिलाही पटले.

तो उपयोग कोणता? दुकानदार आपल्याला वस्तू निवडून देतो, चालवून दाखवितो, बिघडली तर कंपनीकडे पाठवितो, आणि नाहीच जमले तर भांडायला समोर असतो. थेट खरेदीत दुकानदार मधून जातो, पण त्याची ही कामे राहतातच. ती आता आपल्याला करायची असतात. ती येत असतील तर थेट खरेदी फायद्याची. म्हणून ती कामे एकेक करून पाहू.

पहिले काम निवडीचे. वेबसाइट उघडण्यापूर्वी कागद घ्या आणि संगणक कशासाठी हवा ते लिहा. पत्रव्यवहार, हिशेब, अभ्यासाचे व्हिडिओ एवढेच काम आहे, की इमारतींचे नकाशे काढायचे आहेत? संगणकात तीन गोष्टी मुख्य असतात. प्रोसेसर हा काम करणारा गडी. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा, कारण एका वेळी जे काम चालू असते ते त्यावर मांडलेले असते. ओटा लहान असला तर गडी कितीही चलाख असून खोळंबतो. आणि साठवणीची डिस्क म्हणजे फडताळ. आज साध्या कामालाही आठ जीबी रॅम असावी आणि साठवण एसएसडी या जातीची असावी. कारण जुन्या फिरत्या डिस्कपेक्षा ती पुष्कळच जलद चालते. थेट खरेदीची खरी गोडी इथेच आहे. काही संगणकांच्या बाबतीत कंपनी विचारते, रॅम किती घालू, डिस्क केवढी घालू? साचा तोच, उंची आपल्या पसंतीची! पण एक ध्यानात ठेवा. पुष्कळ पातळ लॅपटॉपांत रॅम पक्की झाळलेली असते आणि मागाहून वाढविता येत नाही. तेव्हा ‘रॅम वाढविता येईल का’ हे आधीच वाचून घ्यावे.

संगणकाबरोबर विंडोज मिळते की नाही, आणि कोणते, हेही पाहावे. विंडोज १० ची सर्वसाधारण सेवा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली आहे. शिक्षक मित्रांनो, मराठी टंकलेखनासाठी वेगळे पैसे मोजू नका. इनस्क्रिप्ट हा मराठी कळफलक विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये असतोच. तो फक्त चालू करावा लागतो.

दुसरे काम, दार ओळखण्याचे. बहुतेक लोक फसतात ते इथे. कंपनीच्या दुकानासारखे हुबेहूब दुकान चोरालाही मांडता येते. रंग तोच, चित्रे तीच, किंमत मात्र निम्मी. तेव्हा पाटी पाहू नका, पत्ता वाचा. समजा, एका कंपनीचे नाव ‘कुंडलिका’ आहे आणि तिचा पत्ता ‘कुंडलिका डॉट कॉम’ असा आहे. त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘लॅपटॉप’ लिहिले असेल, तर ते त्याच घरातले एक दालन. पण ‘कुंडलिका डॉट स्वस्तमाल डॉट कॉम’ असा पत्ता असेल, तर घर स्वस्तमालचे आहे, कुंडलिकेचे नव्हे. ‘कुंडलिका-सवलत डॉट कॉम’ हेही निराळेच घर. नियम सोपा आहे. सुरुवातीच्या जोडरेघा सोडून पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत जायचे आणि तेथून मागे वाचायचे. ‘डॉट कॉम’, ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट को डॉट इन’ याला लागून आधी जे पूर्ण नाव येते, ते घरमालकाचे नाव.

आता कोणी विचारील, “पण पत्त्याशेजारी कुलुपाचे चित्र होते, मग भीती कसली?” त्या कुलुपाचा अर्थ एवढाच की तुम्ही पाठविलेली माहिती वाटेत कोणाला वाचता येणार नाही. पलीकडे बसलेला माणूस सज्जन आहे, असे कुलूप सांगत नाही. कुलूप चोराच्या घरालाही असते. म्हणून जाहिरातीतल्या किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून दुकानात शिरू नका. पत्ता स्वतः लिहून जा.

तिसरे काम पिनकोडचे. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, आणि संस्कृत कवीही. पेणचा पिनकोड ४०२१०७, रोह्याचा ४०२१०९. हे आकडे वेबसाइटवर घातले की माल कधी पोचेल ते कळते. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न पुढचा आहे. बिघाड झाला तर कारागीर आपल्या पिनकोडला घरी येईल का? हमीच्या दोन जाती असतात. एकीत कंपनीचा माणूस घरी येतो, दुसरीत संगणक आपण सेवाकेंद्रावर न्यायचा. दुसरी हमी असेल आणि केंद्र पनवेलला किंवा मुंबईला असेल, तर प्रत्येक खेपेला एक दिवस आणि एक दिवसाची मजुरी गेली असे समजा. स्वस्त मिळालेल्या वस्तूच्या किमतीत हा खर्च मिळवून पाहावा.

चौथे काम पैशांचे. पैसे भरण्याआधी शेवटची रक्कम पाहा. संगणकावर १८ टक्के जीएसटी असतो. तो किमतीत धरला आहे ना, पोचविण्याचा आकार वेगळा आहे का, आणि विमा किंवा जादा हमी न विचारता जोडली गेली नाही ना, हे तपासा. ‘बिनव्याजी हप्ते’ असे लिहिले असेल तर रोख घेणाऱ्याला किती सूट आहे ते विचारा. हप्त्याने घेतल्यावर ती सूट जात असेल, तर तेच व्याज झाले.

आणि मंडळी, पिन दोन आहेत बरं का! पोस्टाचा पिन सर्वांना सांगायचा, बँकेचा पिन कोणालाही सांगायचा नाही. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही. “तुमचे पैसे परत पाठवितो, तेवढा पिन घाला” असे कोणी म्हणाला, तर तो पैसे घ्यायलाच आला आहे. सेवेचा फोन नंबरही शोधयंत्रावर मिळेल तो फिरवू नये. खोक्यावर, बिलावर किंवा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर असेल तोच घ्यावा. इतके करूनही फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. पहिला तास फार मोलाचा असतो. पैसे पुढच्या खात्यांत पसरण्यापूर्वी अडविता आले तरच हाती लागतात.

पाचवे काम माल ताब्यात घेण्याचे. खोके फाटलेले किंवा चिकटपट्टी पुन्हा लावलेली दिसली, तर घेण्याआधीच हरकत नोंदवा. माल पोचविणारा जो आकडा मागतो तो खोके हातात आल्यावरच सांगा, आणि तो बँकेचा तर नव्हे ना, हे संदेश पुरता वाचून पाहा. खोके उघडताना घरातल्या कोणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा. सील, खोक्यावरचा अनुक्रमांक आणि संगणकाच्या पाठीवरचा अनुक्रमांक त्यात दिसू द्या. तोच अनुक्रमांक कंपनीच्या वेबसाइटवर घालून हमी कोणत्या तारखेपासून सुरू झाली ते पाहा. परत करण्याचे नियम आधीच वाचलेले असावेत. पुष्कळ ठिकाणी ‘मन बदलले’ हे कारण चालत नाही, दोष असेल तरच वस्तू बदलून मिळते.

शेवटचे काम भांडण्याचे. समोर दुकानदार नाही म्हणून आपण निराधार आहोत असे मात्र नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याखालच्या ऑनलाइन व्यापाराच्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि महिन्याच्या आत तिचे निवारण करावे. तेथे दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सांगा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि रायगडचा आयोग अलिबागला आहे. कंपनीची कचेरी बंगळूरला असो की दिल्लीला, तुम्ही जेथे राहता तेथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती करावी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तेथे फी नाही. मात्र बिल, संदेश आणि चित्रण जपून ठेवलेले हवे.

शिक्षक मित्रांना आणखी एक सूचना. शाळेसाठी सरकारी पैशातून संगणक घ्यायचा असेल, तर तो आपल्या कार्डावर मागवून मग बिल लावू नका. सरकारी खरेदीसाठी २०१६ पासून ‘जेम’ हे वेगळे संकेतस्थळ आहे. खात्याचे नियम विचारून मगच पुढे जावे. पत्ता मागून पुढे वाचण्याचा नियम मात्र सातवी-आठवीच्या मुलांना फळ्यावर जरूर शिकवा. मुले तो घरी नेतील आणि एखाद्या बापाची वर्षाची कमाई वाचेल.

मग थेट घ्यावा की दुकानातून? दोन्हीकडे भाव विचारा. पेणच्या किंवा रोह्याच्या बाजारातला ओळखीचा दुकानदार थोडे अधिक घेत असेल, पण बिघाड झाला की स्वतः धावत असेल, तर त्या अधिक पैशांत त्याची धावपळ आली. फरक मोठा असेल, मनाजोगी वस्तू दुकानात मिळत नसेल, आणि वरची सहा कामे घरातले कोणी नीट करू शकत असेल, तर खुशाल थेट मागवा. कारखान्यात पाट ठेवून येणारा माणूस दोन कारखाने हिंडून, साचा निरखून, मालकाशी बोलून मगच विसार देतो. मूर्तीसाठी आपण जी सावधगिरी पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलो, तीच संगणकासाठी पाळावी.