दहा ठोक्यांची दहा वर्षं

वर्गातला पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, आवाज घुमू नये म्हणून मागच्या भिंतीवर दोन सतरंज्या टांगल्या. माठाजवळ मोबाईल धरून एक मुलगा उकिडवा बसला. दुसऱ्याने पेल्याने पाणी उचललं आणि पुन्हा माठात सोडलं. दोनदा मैदानावरच्या शिट्ट्या मध्ये आल्या. तिसऱ्यांदा नुसतं पाणी ऐकू आलं. चवदार तळ्यावरच्या आमच्या गाण्याची सुरुवात या आवाजाने होते.

मी आठवीला इतिहास शिकवते. महाडच्या सत्याग्रहावर मुलांनी स्वतः गाणं रचायचं, चाल लावायची आणि मोबाईलवर ध्वनिमुद्रित करायचं, असं ठरलं. नियम एकच. वहीच्या डाव्या पानावर ओळ लिहायची आणि उजव्या पानावर तिचा पुरावा.

पहिल्या खर्ड्यात चार कडवी होती. बाबासाहेब महाडला आले, २० मार्च १९२७ ला तळ्याचं पाणी प्यायले, तळं खुलं झालं, जयजयकार. तिसऱ्या कडव्यासमोरचं उजवं पान मात्र कोरंच राहिलं. ते भरायला मुलं ग्रंथालयात बसली आणि एक मुलगी धावत आली. "बाई, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा कायदेमंडळातला ठराव १९२३ चा आहे. महाडच्या नगरपालिकेनंही १९२४ ला तळं खुलं केलं होतं. मग सत्याग्रह कशाला?"

हा प्रश्न मी फळ्यावर कितीही वेळा लिहिला असता, तरी त्याला ही धार आली नसती. गाणं अडलं होतं, म्हणून उत्तर हवं होतं. कागदावरचा हक्क आणि घाटाच्या पायऱ्या उतरून ओंजळीत घेतलेलं पाणी यांतलं अंतर त्या दिवशी वर्गाला कळलं.

पुढची पानं अधिक जड होती. पाणी पिऊन परतलेल्या लोकांवर हल्ला झाला. पंचगव्य मिसळलेल्या पाण्याच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं गेलं. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. जयजयकाराचं कडवं मुलांनी स्वतःच खोडलं.

आता चालीचा पेच आला. वीस मार्चपर्यंत हलगीचा ठेका चढत जात होता. त्यापुढची दहा वर्षं गाण्यात आणायची कशी? ज्याच्या आजोबांची हलगी होती, तो मुलगा म्हणाला, "सगळं थांबवू. वर्षाला एक ठोका." त्याने मैदानाच्या कडेला पाचोळा पेटवून हलगी शेकली, कातडं ताणलं गेल्याची खात्री केली आणि दोन-दोन सेकंदांच्या अंतराने दहा ठोके दिले. ॲपमध्ये हलगी, आवाज आणि पाणी असे तीन वेगळे ट्रॅक होते. दहा ठोक्यांखालचे बाकीचे दोन त्यांनी रिकामे ठेवले. ते ऐकताना वर्गात कुणी हाललं नाही.

गाण्यातून इतिहास सांगणं आपल्याकडे नवं नाही. सत्यशोधक जलसे झाले, पुढे भीमराव कर्डकांसारख्या कलावंतांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. मोबाईलमुळे एक सोय वाढली. मुलं स्वतःचं गाणं पुन्हा पुन्हा ऐकतात आणि चुकलेला शब्द त्यांनाच खटकतो. 'तळं मिळालं' हे 'तळं गाठलं' असं त्यांनी पाचव्यांदा ऐकताना बदललं. मी काही सुचवलं नव्हतं.

यात सहा तासिका गेल्या. तेवढ्या वेळात दोन धडे वाचून झाले असते, हे खरं. तरीही इतिहास शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे. वर्षातून एका धड्याचं तरी गाणं मुलांना करू द्या आणि उजवं पान सोडू नका. आमचं गाणं तीन मिनिटांचं झालं. त्यातली वीस सेकंदं त्या दहा वर्षांची आहेत, आणि ती माझ्या वर्गातलं एकही मूल विसरलेलं नाही.