अरबी घोडा दाखवायचा म्हणजे काय दाखवायचं?

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस आज घोड्यावर बोलणार म्हटल्यावर पहिल्या रांगेत हसू उमटलं. रास्त आहे. मी घोड्यावर बसलो तो माथेरानला, आणि तेव्हाही लगाम घोडेवाल्याच्याच हातात होता. पण माझी नात इंग्लंडमध्ये असते. तिने एक अरबी घोडी घेतली आणि तिला तिथल्या प्रदर्शनात उतरवायचं ठरवलं. फोनवर तिच्या अडचणी ऐकता ऐकता मीही वाचायला लागलो.

आधी शब्द समजून घेऊ. अशा प्रदर्शनात दोन प्रकार असतात. एकात घोडा हाताने धरून दाखवतात, दुसऱ्यात स्वार वर बसून दाखवतो. या दुसऱ्याला 'रिडन क्लास' म्हणतात. ही शर्यत नव्हे, कोण आधी पोचतो याला इथे महत्त्व नाही. सगळे घोडे रिंगणात एकत्र फिरतात. आधी साधी चाल, मग दुडकी, मग कॅन्टर, म्हणजे आवरलेली दौड. आणि हे दोन्ही दिशांनी. नंतर ओळीत उभं राहायचं आणि एकेकाने पुढे येऊन आपलं काम दाखवायचं. तिथल्या काही वर्गांत परीक्षक स्वतः घोड्यावर बसून पाहतात, खोगीर उतरवून अंगाची ठेवणही तपासतात.

मग परीक्षक पाहतो काय? एक, जातीची खूण : किंचित खोलगट चेहरा, मोठे डोळे, रुंद नाकपुड्या, चालताना उंच धरलेली शेपटी. दोन, पाय आणि चाल. तीन, वागणूक. पहिली गोष्ट घोडा जन्मतःच घेऊन येतो. तिसरी मात्र स्वाराला आणि घोड्याला मिळून कमवावी लागते. नवख्याची खरी परीक्षा तिथेच होते.

म्हणून सुरुवात कशी करावी? घोड्याची जातिनोंद आणि कागद आधी पाहावेत. त्या त्या प्रदर्शनाची नियमावली नीट वाचावी. वयाची अट, साज, स्वाराचा पोशाख, सगळं तिथे लिहिलेलं असतं. अरबी घोड्याची पाठ आखूड आणि रुंद असते, तेव्हा खोगीर त्याच्या पाठीवर बसवून बघूनच घ्यावं. खोगीर टोचत असेल तर चाल कधीच मोकळी होणार नाही. नवख्यांच्या वर्गात साधं स्नॅफलचं कडियाळं पुरतं. आयाळ विंचरावी, पण वेण्या घालू नयेत. शुद्ध अरबी घोड्याची आयाळ मोकळीच ठेवतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिल्यांदा नुसतं घेऊन जावं. स्पर्धेत उतरू नये. गर्दी, भोंगे, अनोळखी घोडे यांची त्याला सवय होऊ द्यावी.

हे आपल्याला फार परकं नाही बरं का. अरबी घोडे शतकानुशतकं समुद्रमार्गे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरत. आपल्या भीमेच्या खोऱ्यातलं भीमथडी तट्टू, त्यातही अरबी रक्त मिसळलंय असं मानतात. आजही नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला, तापीकाठी, दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. तिथे मारवाडी, काठियावाडी घोडे जास्त. जाणकार मंडळी घोड्याला रेवाल चालीवर चालवून बघतात. त्या चालीत स्वाराला गचके कमी बसतात. म्हणजे बसून पाहिल्याशिवाय घोडा कळत नाही, हे आपल्याकडच्या माणसालाही ठाऊक आहे.

आता नातीची गोष्ट. तिने घाई केली. पहिल्याच प्रदर्शनात भोंगा वाजला, घोडी बिचकली, पुढे पाऊल टाकीना. पोरीने सगळ्यांदेखत तिला चाबूक मारला. घोडी चालली, पण मान ताठ आणि कान मागे. नंबर शेवटचा. त्याचं तिला फार वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी तबेल्यात तिने हात पुढे केला तेव्हा घोडीने तोंड फिरवलं, त्याचं वाटलं. "आजोबा, ती मला घाबरते आता," म्हणाली, आणि रडली.

मी तिला झेनोफनबद्दल सांगितलं. सॉक्रेटिसचा हा शिष्य, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला, स्वतः घोडदळातला माणूस. त्याने घोडेस्वारीवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं की जबरदस्तीने करून घेतलेल्या हालचालीत सौंदर्य नसतं, कारण करणाऱ्याला ती समजलेलीच नसते. नर्तकाला मारून नाचवलं तर जे होईल तेच घोड्याचं. बघा, इथे नीती आणि सौंदर्य एका जागी येतात. भ्यालेला घोडा आज्ञा पाळेल, पण त्याची चाल मोकळी होणार नाही, आणि परीक्षकाला ते दिसतं.

पुढचे सहा महिने नातीने एकही प्रदर्शन केलं नाही. रोज खरारा, रोज थोडी रपेट, कधी नुसतंच शेजारी उभं राहणं. मग ती पुन्हा उतरली. चौथी आली. फोनवर नंबर तिने शेवटी सांगितला. आधी सांगितलं ते हे, की भोंगा वाजला तेव्हा घोडीने एक कान मागे वळवून तिची चाहूल घेतली, आणि चालत राहिली.

थांबतो इथे. प्रश्न असतील तर जरूर विचारा.