दूध तपासणारा एक सेंटिमीटर

चाऱ्यावरचं कीटकनाशक गाईम्हशीच्या पोटातून दुधात उतरलं, की स्निग्धांशात जाऊन बसतं. डीडीटी, एचसीएच ही त्यातली जुनी, चिवट नावं. त्यांना तिथून काढायचं म्हणजे हेक्सेन, अ‍ॅसिटोनसारखी सॉल्व्हंट ओतून सेपरेटरी फनेल हलवत बसायचं. फेस होतो, थर सुटता सुटत नाहीत. दिवस मोडतो, हाती थेंबभर अर्क आणि शेजारी बाटलीभर घातक कचरा.

बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीला असा कचरा नवा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या प्रदूषण निर्देशांकात ती ९३.६९ गुणांनी देशात सर्वांत वर होती. इथल्या प्रदूषणापायी मांगेला या मासेमार समाजाच्या परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे जावं लागलं. दुधातलं विष शोधताना या कचऱ्यात आणखी सॉल्व्हंटची भर पडावी, हे मला पटत नाही.

म्हणूनच कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठात यानुश पावलिशिन यांनी १९९०च्या सुमारास पुढे आणलेली एसपीएमई (सॉलिड फेज मायक्रोएक्स्ट्रॅक्शन) पद्धत मला इथल्या कामाची वाटते. साधन सिरिंजसारखं. सुईत लपलेला एक सेंटिमीटरचा काचतंतू, त्यावर सिलिकॉनचा लेप, फार तर शंभर मायक्रॉन जाड. दुधाची कुपी बूच लावून तापवायची, ढवळत ठेवायची. सुई रबरी बुचातून आत घालून तंतू दुधाला न टेकवता वरच्या हवेत उघडायचा. उडालेले रेणू लेपात मुरतात. ठरलेल्या वेळाने तंतू आत ओढून सुई थेट गॅस क्रोमॅटोग्राफच्या, म्हणजे जीसीच्या, तापल्या तोंडात. उष्णतेने रेणू सुटतात, आलेख उमटतो. सॉल्व्हंटचा थेंबही नाही, आणि तोच तंतू पुढच्या नमुन्याला चालतो.

तंतू नाजूक, पटकन मोडतो. शिवाय तो सगळा अंश ओढत नाही, समतोल होईल तेवढाच घेतो. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त, तो कीटकनाशक घट्ट धरतो. गाईच्या दुधावर बसवलेलं गणित तिथे चुकतं. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तर असं उडतच नाही, आणि २०१८च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ पैकी ३६८ नमुन्यांत ते मर्यादेबाहेर निघालं होतं. त्याची वाट वेगळी, तिथे थोडं सॉल्व्हंट अजून लागतंच.

पण जीसी चालवणारे हात इथे आहेत. पालघर, डहाणू, सफाळ्याहून लोकलने येणारी मुलं बोईसरच्या औषध कारखान्यांत गोळीत उरलेलं सॉल्व्हंट रोज याच यंत्रावर मोजतात. दुधासाठी त्याला कीटकनाशक पकडणारा डिटेक्टर आणि हा तंतू जोडायचा. सकाळी केंद्रावर संकलित झालेल्या दुधाचा निकाल दुपारपर्यंत देणारी अशी एक प्रयोगशाळा पालघर जिल्ह्यात हवी.