जर्मनीतील अग्निशमन वाहने व बिनतारी संदेशवहन

जर्मनीतील अग्निशमन व आपत्कालीन सेवांमध्ये प्रत्येक वाहनाला ठरावीक काम, ठरावीक मनुष्यबळ आणि बिनतारी संभाषणासाठी ठरावीक संकेतनाम दिलेले असते. निरनिराळ्या गावांतील, एकमेकांना पूर्वी कधीही न भेटलेल्या पथकांना एका घटनास्थळी तत्काळ एकत्र काम करता यावे, हा या व्यवस्थेचा मुख्य हेतू आहे. वाहनाचे नाव ऐकताच ते कोठले आहे व काय करू शकते हे कळावे आणि बिनतारी यंत्रणेवर कमीत कमी शब्दांत काम व्हावे, अशी तिची रचना आहे.

पार्श्वभूमी

जर्मनीत अग्निशमन हे मुख्यतः स्वयंसेवकांचे कार्य आहे. शंभराहून अधिक मोठ्या शहरांत पगारी व्यावसायिक दले आहेत. इतरत्र, म्हणजे गावे व लहान शहरे यांत, सुमारे १० लाख स्वयंसेवक ही जबाबदारी सांभाळतात. सुतार, शिक्षक, शेतकरी असे आपापल्या व्यवसायात असलेले हे लोक सूचना मिळताच हातातील काम टाकून केंद्रावर धावतात. मोठी आग लागल्यास शेजारच्या अनेक गावांची दले येतात. त्यामुळे वाहने, होजची जोडणी व बोलण्याची पद्धत सर्वत्र सारखी असणे हा येथे केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही.

संदेशवहनातील उणिवांची किंमत दोन घटनांनी दाखवून दिली. ३ मे १९६९ रोजी विनेंडेन येथे ब्यॉर्न श्टायगर हा आठ वर्षांचा मुलगा मोटारीच्या धडकेने जखमी झाला. रुग्णवाहिका येण्यास जवळजवळ एक तास लागला आणि रुग्णालयाच्या वाटेवर त्याचा मृत्यू झाला. त्याच्या आईवडिलांनी त्याच वर्षी एक प्रतिष्ठान स्थापन केले आणि रुग्णवाहिकांत बिनतारी संच बसवण्यासाठी व देशभर एकच आपत्कालीन क्रमांक असावा यासाठी चळवळ चालवली. पोलिसांसाठी ११० व अग्निशमन सेवेसाठी ११२ हे क्रमांक देशभर लागू करण्याचा निर्णय १९७३ मध्ये झाला. पुढे ११२ हा संपूर्ण युरोपचा सामाईक क्रमांक ठरला. भारतातील एकत्रित आपत्कालीन सेवेचा क्रमांकही ११२ हाच आहे.

दुसरी घटना ऑगस्ट १९७५ मधील ल्युनेबुर्गच्या माळरानावरील वणव्याची. दूरदूरची दले मदतीला आली, परंतु एकसंध नेतृत्व, पुरेसे नकाशे व परस्परांशी बोलता येईल अशी बिनतारी यंत्रणा यांचा अभाव होता. १० ऑगस्ट रोजी माइनर्झेन या गावाजवळ ज्वाळांनी वेढल्यामुळे अग्निशमन दलाचे पाच जवान मृत्युमुखी पडले. या वणव्यानंतर संचालनासाठी स्वतंत्र वाहने व दलांमधील समन्वय यांना महत्त्व आले.

वाहनांचे वर्गीकरण

वाहनांची रचना डीआयएन या राष्ट्रीय मानकांनुसार ठरते. वाहनाच्या नावातील अक्षरे त्याचा प्रकार सांगतात, तर अंक त्याची क्षमता. मात्र अंकाचा अर्थ प्रकारानुसार बदलतो.

एलएफ हा सर्वसाधारण बंब होय. त्यात नऊ जणांचा गट बसतो. ‘एलएफ २०’ मधील २० हा अंक पंपाचा असून १० बार दाबाला मिनिटास २,००० लिटर पाणी, असा त्याचा अर्थ आहे. अपघातातील वाहने कापून माणसे सोडवण्याची साधने त्यात असल्यास त्याला एचएलएफ म्हणतात.

टीएलएफ हा पाण्याचा टँकर असलेला बंब होय. येथील अंक टाकीचा असतो. ‘टीएलएफ ३०००’ म्हणजे ३,००० लिटरची टाकी.

डीएलके ही फिरती शिडी व तिच्या टोकाला पाळणा असलेली गाडी. ‘२३/१२’ याचा अर्थ, इमारतीपासून आडवे १२ मीटर अंतर राखून २३ मीटर उंचीपर्यंत सुटका करता येते. इमारतींचे नियम या क्षमतेशी जोडलेले आहेत. ज्या इमारतीतील वापराचा सर्वांत वरचा मजला जमिनीपासून २२ मीटरपेक्षा उंच असेल ती उत्तुंग इमारत मानली जाते. तेथे शिडीवर विसंबता येत नसल्याने जिन्यांच्या सुरक्षेचे कडक नियम लागू होतात.

ईएलडब्ल्यू ही संचालनगाडी होय. तिच्यात बिनतारी संच, नकाशे व नोंदी ठेवण्याची सोय असते. मोठ्या घटनेत तीच तात्पुरते कार्यालय बनते.

नऊ जणांच्या गटात गटप्रमुख, यंत्रचालक, निरोप्या आणि दोन-दोन जणांच्या तीन जोड्या असतात. एक जोडी आत शिरून आगीशी सामना करते, दुसरी पाण्याची सोय करते, तर तिसरी होज टाकते. गाडीतील बसण्याची जागाच काम ठरवत असल्याने पोहोचल्यावर वाटणी करण्यात वेळ जात नाही.

संकेतनामे

बिनतारी संभाषणात अग्निशमन दलांना ‘फ्लोरिआन’ म्हणतात. संत फ्लोरिआन हे अग्निशामकांचे आश्रयदाते संत मानले जातात. बचाव हेलिकॉप्टरांना प्रवाशांचे संत ख्रिस्तोफर यांच्यावरून ‘क्रिस्तोफ’ हे नाव मिळाले आहे. रेड क्रॉसच्या वाहनांना ‘रोटक्रॉइत्स’, तर तांत्रिक मदत करणाऱ्या संघराज्याच्या संस्थेला ‘हेरोस’ म्हणतात. पहिल्या शब्दावरूनच ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याची संस्था कळते.

त्यापुढे गावाचे नाव, गरजेनुसार केंद्राचा क्रमांक, वाहनप्रकाराचा क्रमांक व शेवटी त्या प्रकारातील अनुक्रम येतो. बायर्न राज्यात ३० हा अंक शिडीगाडीचा व ४० हा मोठ्या बंबाचा आहे. म्हणून गावाच्या नावापुढे ‘४०/१’ ऐकू आले, की त्या गावाचा पहिला मोठा बंब असे समजावे. अग्निशमन हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने हे अंक सर्वत्र सारखे नाहीत. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात अंकाऐवजी थेट वाहनाचे लघुरूपच उच्चारतात.

नियंत्रण कक्ष व स्थितिक्रमांक

११२ वर आलेला दूरध्वनी विभागीय नियंत्रण कक्ष घेतो व घटनेच्या स्वरूपानुसार वाहने पाठवतो. कोणते वाहन कोठे आहे हे प्रत्येक वेळी बोलून विचारावे लागू नये, म्हणून चालक किंवा गटप्रमुख संचावरील एक कळ दाबतो. त्यांपैकी नेहमीचे क्रमांक असे आहेत :

१ – बाहेर, संपर्कात, उपलब्ध
२ – केंद्रावर उपलब्ध
३ – कामगिरी स्वीकारली, मार्गस्थ
४ – घटनास्थळी पोहोचले
५ – बोलायचे आहे
६ – उपलब्ध नाही
७ – रुग्ण घेतला
८ – रुग्णालयात पोहोचले
० – अत्यंत तातडीने बोलायचे आहे

कळ दाबताच वाहनाची ओळख व स्थिती नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर उमटते. अनेक वाहने एकाच वेळी निघाली तरी वाहिनी मोकळी राहते व खरोखर सांगण्यासारखे असेल त्यालाच बोलण्याची संधी मिळते.

संभाषणाची शिस्त

आधी ज्याला बोलवायचे त्याचे संकेतनाम, मग आपले, असा क्रम असतो. अभिवादन, आभार व गप्पा यांना स्थान नाही. संदेश समजल्यावर ‘समजले’ असे कळवावे लागते. दोन या अर्थाचा ‘त्स्वाय’ हा शब्द तीन या अर्थाच्या ‘ड्राय’सारखा ऐकू येत असल्याने बिनतारीवर त्याऐवजी ‘त्स्वो’ म्हणतात. धूर, यंत्रांचा आवाज व श्वसनमुखवटा यांतून येणारा शब्द अर्धवट ऐकू येतो, हे गृहीत धरूनच हे नियम केले आहेत.

घटनास्थळावरील संदेशवहन

श्वसनयंत्र लावून धुरात शिरणारे जवान नेहमी जोडीने किंवा त्याहून मोठ्या गटाने जातात व त्यांच्याजवळ बिनतारी संच असतो. बाहेर एक व्यक्ती त्यांची आत जाण्याची वेळ व सिलिंडरमधील दाब नोंदवते. अपेक्षित कालावधीचा एक-तृतीयांश व दोन-तृतीयांश भाग उलटल्यावर तिने आतील जोडीला दाब तपासण्याची आठवण करून द्यायची असते. सुटकेसाठी दुसरी जोडी सज्ज ठेवलेली असते. आतल्या जवानावर संकट ओढवल्यास ‘मेडे’ हा शब्द उच्चारला जातो व त्याला इतर सर्व संभाषणापेक्षा अग्रक्रम मिळतो.

डिजिटल जाळे व त्याच्या मर्यादा

पूर्वीच्या अ‍ॅनालॉग व्यवस्थेत वाहने व नियंत्रण कक्ष यांच्यासाठी ४ मीटर पट्टा, तर घटनास्थळावरील हातातील संचांसाठी २ मीटर पट्टा वापरला जाई. साध्या ग्राहकयंत्रावर हे संभाषण कोणालाही ऐकता येई. त्याची जागा टेट्रा तंत्रज्ञानावरील डिजिटल जाळ्याने घेतली. त्याच्या उभारणीसाठी २००७ मध्ये स्वतंत्र संघराज्यीय संस्था स्थापन झाली. या जाळ्यात संभाषण सांकेतिक स्वरूपात असते आणि पोलीस, अग्निशमन व रुग्णसेवा यांना गरजेनुसार एकाच गटात जोडता येते.

या संचांचे दोन प्रकारे काम चालते. एकात आवाज मनोऱ्यामार्फत जाळ्यातून जातो, तर दुसऱ्यात एका संचाकडून थेट दुसऱ्या संचाकडे. तळघरे, बोगदे व जाड काँक्रीटच्या इमारती यांत लहरी नीट शिरत नसल्याने मोठ्या इमारतींत त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा बसवावी लागते.

१४ व १५ जुलै २०२१ च्या महापुराने जाळ्यावरील अवलंबनाचा धोका दाखवला. आर नदीच्या खोऱ्यात १३० हून अधिक लोकांचा मृत्यू झाला. वीज गेल्याने व मनोऱ्यांच्या जोडण्या तुटल्याने काही भागांत डिजिटल बिनतारी व मोबाइल दोन्ही बंद पडले. त्यानंतर मनोऱ्यांसाठी दीर्घकाळ टिकणारा पर्यायी वीजपुरवठा व उपग्रहाशी जोडता येणारी फिरती केंद्रे यांची गरज अधिक तीव्रतेने मांडली गेली. जाळे कोसळल्यावर उरतो तो संच ते संच थेट संपर्क आणि तोही न साधल्यास निरोप पोहोचवणारा माणूस. नऊ जणांच्या गटातील निरोप्याचे स्थान आजही कायम आहे.