पावसाच्या नोंदींत शब्दांचें एकमत

उल्हासनगरच्या कॅम्प 2 मध्यें आज छावणी अशी कांहीं उरलेली नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत येथें लष्कराची कल्याण छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस येथें आसरा मिळाला, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजीं उल्हास नदीवरून या वसाहतीचें नांव उल्हासनगर ठेवण्यांत आलें. तरी कोणी 'उल्हासनगर 2' म्हणो, कोणी 'कॅम्प 2' म्हणो, रिक्षावाला दोघांसही एकाच ठिकाणीं पोंचवितो. नांवें दोन, पण अर्थ एक. म्हणून व्यवहार अडत नाहीं. याच्या उलट स्थिति, म्हणजे नांव एक आणि अर्थ अनेक, ही मात्र घातक असते. आणि पावसाच्या बाबतींत आपण शेतकरी नेहमीं याच घोटाळ्यांत सांपडतों.

'अतिवृष्टि' हा शब्द घ्या. शासनाच्या पीकनुकसानीच्या व्यवहारांत महसूल मंडळांत चोवीस तासांत 65 मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला म्हणजे अतिवृष्टि झाली, असें धरण्याचा प्रघात आहे. उलट हवामानखात्याच्या वर्गवारींत 64.5 मिलिमीटरांपासून केवळ 'जोरदार' पाऊस सुरू होतो, 115.6 पासून 'अति जोरदार' व 204.5 पासून 'अत्यंत जोरदार'. वृत्तपत्रें यांपैकीं कोणत्याही पायरीस अतिवृष्टि म्हणून मोकळीं होतात. वाचणाऱ्यानें काय समजावें?

'दिवस' हा शब्दही तितकाच फसवा आहे. हवामानखात्याचा पावसाचा दिवस मध्यरात्रीं संपत नसून सकाळीं साडेआठ वाजतां संपतो. 26 जुलै 2005 चा मुंबईचा प्रलय सर्वांस आठवतो. सांताक्रूझ येथील 944 मिलिमीटरांचा आंकडा 27 तारखेच्या सकाळीं साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांचा आहे; म्हणून खात्याच्या वहींत तो 27 तारखेखालीं पडतो. त्याच चोवीस तासांत कुलाब्यास सुमारें 73 मिलिमीटरच पाऊस झाला. 'मुंबईचा पाऊस' एवढेंच लिहून ठेवणाऱ्यानें कांहींच लिहिलें नाहीं, असें म्हणावें लागेल.

आतां हें आपल्या बांधावर आणून पाहूं. समजा, एकाच झडींत सकाळीं साडेआठपूर्वीं 40 व नंतर 40 मिलिमीटर पाऊस पडून भाताची खाचरें फुटलीं. पाऊस 80 मिलिमीटर झाला खरा. पण वहींत तो दोन दिवसांत विभागला जाईल, आणि दोन्ही आंकडे 65 च्या आंतच राहतील. 'काल ऐंशी मिलिमीटर पडला' असें सांगणारा शेतकरी खोटा नाहीं व वहीही खोटी नाहीं. दोघांचा 'काल' निराळा आहे, इतकेंच.

उल्हास नदी कर्जत, नेरळ, बदलापूर यांवरून उल्हासनगर व कल्याणकडे वाहते. वरच्या डोंगरांत पडलेलें पाणी खालच्या गांवांस कांहीं तासांनीं गांठतें. 27 जुलै 2019 रोजीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरांत अडकली आणि हजारांवर प्रवाशांस बाहेर काढावें लागलें. अशा खोऱ्यांत एका केंद्राचा आंकडा तासाचा, दुसऱ्याचा दिवसाचा, असें असेल, तर बेरीज करणाराची फसगत ठरलेली.

ही अडचण साऱ्या जगाची आहे. तिच्यावर उपाय म्हणून शास्त्रज्ञांनीं 'सी. एफ.' नामक संकेत ठरविले. त्यांची पहिली आवृत्ति 2003 सालीं निघाली. त्यांत प्रत्येक राशीस एक प्रमाण नांव, त्याची व्याख्या व एकक दिलेलें असतें, आणि नवें नांव चर्चा होऊन संमत झाल्यावरच यादींत जातें. 'वृष्टि' म्हणजे पाऊस, बर्फ, गारा सर्व मिळून. 'पर्जन्य' म्हणजे केवळ पाऊस. एकूण किती पडला हें एक नांव. किती वेगानें पडला हें दुसरें. हा भेद शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाहीं. 50 मिलिमीटर दिवसभरांत पडले तर जमीन तें पाणी पिते; तासाभरांत पडले तर माती वाहून जाते.

आपल्या पूर्वजांसही हें तत्त्व ठाऊक होतें. 'मृग' म्हटलें कीं कोकणांत काय, वऱ्हाडांत काय, जूनच्या 7-8 तारखेस लागणारें तेंच नक्षत्र, कारण तें सूर्यावरून ठरतें. मग पाऊस मोजतांना आपण ढिलाई कां करावी?

यास्तव प्रत्येक गांवानें एक पर्जन्यमापक मोकळ्या जागीं, झाडाच्या वा भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवावा. तो रोज सकाळीं साडेआठ वाजतां पाहावा. पाहिल्याची तारीख, वेळ, ठिकाण व मिलिमीटर, चारही लिहावीं. पाऊस नसल्यास शून्य लिहावें. मोजावयाचें राहून गेल्यास 'मोजला नाहीं' असें लिहावें, तेथें शून्य घालूं नये. एक मिलिमीटर म्हणजे दर गुंठ्यास सुमारें शंभर लिटर पाणी, हा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर असावा. अशी वही पंचनाम्याच्या वेळीं पुढें ठेवली म्हणजे बोलणें आंकड्यांवर होईल, शब्दांवर अडणार नाहीं.